बांधावरच्या बाया

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसतो. चौथीला मालोजीराजांचा विषय आला की मी दरवर्षी मुलांना व्हरांड्यात आणून उभं करते आणि सांगते, त्या डोंगरावरचं पुष्कर तळं मालोजीराजांनी बांधून घेतलं. वर महादेवाला येणाऱ्या माणसांचे पाण्यावाचून हाल व्हायचे म्हणून. मुलं डोंगराकडे बघतात, मान हलवतात आणि आम्ही आत येऊन पुढच्या पानाकडे वळतो. सहा वर्षं असंच चाललं होतं.

त्या वर्षी मात्र पहिल्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, त्येनी एकट्यानं बांधलं व्हय?"

मी म्हटलं, नाही, शेकडो माणसं राबली असतील. "कोण माणसं?" मला नावं कुठून सांगता येणार? तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "आमच्या आज्जीनं पण तळं बांधलंय." वर्ग हसला. तिला राग आला. "खरंच बांधलंय! ते वढ्यावरचं. इच्चारा हिच्या आज्जीला, ती पण हुती."

ओढ्यावरचं तळं म्हणजे आमच्या गावचा पाझर तलाव. निम्मी मुलं रोज त्याच्या बांधावरून शाळेत येतात. मी स्वतः कितीतरी वेळा गाडी त्या बांधाच्या कडेला लावून सावलीत डबा खाल्ला आहे. १९७२ च्या दुष्काळी कामातून झालं म्हणून गावात त्याला 'बहात्तरचं तळं' म्हणतात हे माहीत होतं, पण तिथे माझं कुतूहल संपलं होतं. मी कऱ्हाडकडची, कृष्णेच्या काठची. माण तालुक्यात बदली झाली तेव्हा दुष्काळ हा शब्द मला पेपरातल्यासारखा माहीत होता.

दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. मी तिसरी-चौथीला मिळून सांगितलं, सुट्टीत घरच्या म्हाताऱ्या माणसांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारून या. वहीत लिहून आणा.

सुट्टीनंतर वीस वह्या आल्या आणि त्या वीसही वह्यांत काही नव्हतं. 'दुष्काळ म्हणजे पाऊस न पडणे. दुष्काळात लोकांचे हाल झाले. माझी आजी म्हणाली फार वाईट दिवस होते.' एवढंच. दोष मुलांचा नव्हता. मी स्वाध्यायासारखा प्रश्न दिला होता, म्हाताऱ्यांनी स्वाध्यायासारखं उत्तर दिलं. शाळेसाठी विचारतोय म्हटल्यावर एक आजोबा तर म्हणे टोपी सरळ करून "दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती आहे" असं सांगू लागले. त्यांनी आयुष्यात हा शब्द दुसऱ्या कशासाठी वापरला नसेल.

मग मी प्रश्न बदलले. म्हणजे मुलांकडूनच बदलून घेतले. एक दिवस मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, मी तुमची आज्जी, आता मला अशी गोष्ट विचारा की जिचं उत्तर मी डोळ्यांसमोर आणूनच देऊ शकेन. पहिली दहा मिनिटं पुन्हा 'दुष्काळात तुम्हाला कसं वाटलं' छापाचे प्रश्न आले. नंतर तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "आज्जी, सकाळी कामाला जाताना फडक्यात काय बांधून न्यायचीस?" त्याला मी टाळी दिली. त्यानंतर फळा भरायला वेळ लागला नाही. हातोडी कुणाची होती? बाळाला कुठं ठेवायचीस? पैसे कोण वाटायचं, कुठं बसून वाटायचं? चप्पल होती का? घरी बैल होता त्याचं काय झालं?

आम्ही पाच-पाच जणांचे चार गट केले. प्रत्येक गटात एक विचारणारा, दोन लिहिणारे, एक चित्र काढणारा आणि एक नुसता ऐकणारा. नुसतं ऐकणाऱ्याचं काम मी मुद्दाम ठेवलं होतं, कारण लिहिणाऱ्या मुलाची मान वर होत नाही. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कुणीतरी बघायला पाहिजे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोन घरं करायचो. माझा मोबाईल रेकॉर्डिंगला, पण घरच्यांनी हो म्हटलं तरच.

पहिलं घर त्या रागावलेल्या मुलीचं. आजी सत्तरीच्या. अंगणात तुरी पाखडत बसल्या होत्या. फडक्यात काय न्यायचात म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मिलूची भाकरी," त्या म्हणाल्या. "लाल जुंधळा. अमेरिकेचा आलता. थापायला घेतला की फुटायचा, भाजली की वाळल्या चामड्यावानी व्हायची. पण तीबी रांगंत हुबं ऱ्हाऊन मिळायची." मग सुकडीची आठवण निघाली. कामावर वाटायचे ती भाजलेल्या पिठाची गोडसर भुकटी. "माझ्या वाटची सुकडी म्या पदराला बांधून घरी आणायची. लहान दीर हुता आठ वर्षाचा. तो बांधाच्या वाटंला येऊन हुबा ऱ्हायचा." तो लहान दीर म्हणजे आता अठ्ठावन्न-साठीचे गृहस्थ. तेव्हा ते ओट्यावर बसूनच होते. ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि सगळ्या मुलांना गुळाचा खडा आणून दिला.

खडी कशी फोडायची हे विचारलं तेव्हा आजींनी डावा हात पुढे केला. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं, वाढतं तेही तसंच दोन फाळक्यांनी. दगड डाव्या हातानं धरायचा, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, उजव्या हातानं हातोडी मारायची. चिंधी सरकली की घाव बोटावर. चित्र काढणाऱ्या मुलीनं आजीचा चेहरा, घर, अंगण काही काढलं नाही. पूर्ण पानभर फक्त ते बोट काढलं, दुभंगलेल्या नखासकट. ते चित्र मी आजही जपून ठेवलं आहे. वर्षभरात तिच्याकडून मी जे काही करून घेतलं, त्यात याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

तिसऱ्या-चौथ्या घरानंतर अडचण सुरू झाली. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती मिळायची यावर कुणाचं कुणाशी पटेना. एक आजी म्हणायच्या दीड रुपया. दुसऱ्या म्हणायच्या तीन. एका आजोबांनी तर आठवड्याला पंचवीस घेतल्याचं छातीवर हात ठेवून सांगितलं. मुलं भांडायला लागली. प्रत्येकाला आपली आजी खरी करायची होती. "तुझी आज्जी इसारली आसंल." "तुझीच खोटं बोलती." प्रकरण एका मुलाच्या रडण्यापर्यंत गेलं.

मला वाटलं, इथे खरा इतिहासाचा तास सुरू झाला. मी म्हटलं, कोण खोटं ते ठरवू नका. दोघी खऱ्या असतील तर असं कसं झालं असेल, ते शोधा. मुलं परत गेली आणि दोन्ही आजींना एकच प्रश्न विचारून आली : तुम्ही नेमकं कुठलं काम करत होता? दीड रुपयावाल्या आजी तेव्हा पंधरा वर्षांच्या, मातीच्या पाट्या वाहायच्या. तीन रुपयेवाल्या नवऱ्याबरोबर जोडीनं खडी फोडायच्या. खडीचं काम मोजून, ब्रासवर. जितकी खडी तितका पैसा. म्हणजे कुणाचाच आकडा चुकीचा नव्हता.

ब्रास म्हणजे काय हे मुलांना माहीत नव्हतं. शंभर घनफूट असं फळ्यावर लिहून काही उपयोग नव्हता, म्हणून मैदानात चुन्यानं दहा फूट बाय दहा फूट चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांना फूटभर उंचीच्या काठ्या रोवल्या. एवढी जागा काठ्यांच्या टोकापर्यंत खडीनं भरायची. मुलं चौकोनात जाऊन उभी राहिली. वीसच्या वीस मावली आणि तरी जागा उरली. मग त्यांनी परसातले दगड आणून भरायला सुरुवात केली. पाऊण तासात एक कोपरासुद्धा झाकला गेला नाही, आणि ते तर आयते दगड होते, फोडायचे नव्हते. त्या चौकोनाच्या चुन्याच्या रेघा पुढे कितीतरी दिवस मैदानात होत्या आणि खेळताना मुलं त्यावर पाय पडू देत नव्हती. मी तसं सांगितलं नव्हतं.

बांध मोजायचा दिवस मुलांना सर्वांत आवडला. आधी पावलांनी मोजला : चौथीच्या एका मुलाची ३९० पावलं. मग टेपनं : २१२ मीटर. एका पावलाचं अंतर किती हा भागाकार त्यांनी तिथेच बांधावर बसून केला. वहीतला भागाकार करताना जांभया देणारी तीच मुलं. आतल्या अंगाला दगडांचं पिचिंग आहे, ते मी इतकी वर्षं पाहिलंही नव्हतं. एकेक दगड हातानं बसवलेला, आणि पन्नास वर्षांत हललेला नाही. गाळ मात्र खूप साचला आहे. एका पोरानं काठी खुपसून बघितली, ती कोपरापर्यंत आत गेली.

एका आजोबांनी त्या दिवशी बांधावर येऊन मुलांना जे सांगितलं ते माणदेशात जुन्या माणसांकडून बऱ्याचदा ऐकू येतं. "तवा इहिरीला पाणी हुतं, पोटाला न्हवतं. आता रेशनला धान्य हाय आन् पाणी टँकरनं येतंय." २०१२-१३ च्या दुष्काळात या मुलांचा जन्मही झाला नव्हता, पण गुरं छावणीला नेल्याच्या गोष्टी त्यांच्या आईबापांनी सांगितलेल्या. त्यामुळे दोन दुष्काळ वेगळे असतात, एकात धान्य जातं आणि दुसऱ्यात पाणी, हे त्यांना लगेच कळलं. मला ते कुठल्याही पाठातून इतकं नीट सांगता आलं नसतं.

मी त्यांना थोडं आजूबाजूचंही सांगत गेले. म्हसवडजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव इंग्रजांच्या काळातल्या, १८७६-७७ च्या दुष्काळी कामातून सुरू झालेला. १९७२-७३ ला महाराष्ट्रभर अशी कामं निघाली, ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं त्या कामांवर होती. मागेल त्याला काम द्यायचं ही कल्पना शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी लावून धरली, तिचा राज्याचा कायदा १९७७ ला झाला आणि २००५ साली देशाचा. मुलांच्या लक्षात राहिली ती राजेवाडी. "बाई, तितंबी बायांनीच खडी फोडली आसंल न्हाय?" त्यांची नावं मात्र आता कुणालाच विचारता येणार नाहीत, हेही त्यांचं त्यांनाच सुचलं.

शाळेच्या कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर मी जानेवारीत काढलं. हे रजिस्टर मुलांच्या हातात द्यायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. त्यात जात असते, शाळा सोडल्याचं कारण असतं, शेरे असतात, आणि ते सगळं वर्गासमोर वाचायचं नसतं. मी स्वतः बघून फक्त नाव आणि जन्मतारीख वाचत गेले. आपल्या आजोबांचं नाव ऐकलं की मुलं उड्या मारायची. दहा-बारा नावं झाली आणि एक मुलगी म्हणाली, "बाई, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा?"

एक जून. एक जून. एक जून. आपल्याकडे हे घरोघरी आहे, त्यामुळे आपल्याला नवल वाटत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाला वाटतं. मी सांगितलं की शाळा जूनमध्ये भरायची, वय पुरं दिसायला हवं, घरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, म्हणून गुरुजी अंदाजानं वर्ष धरून एक जून लिहायचे.

मग त्यांतल्याच एकाला आठवलं. त्याचा चुलता तलावाच्या कामावर असतानाच जन्मलेला. आजीनं सांगितलं होतं, शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या, बाभळीखाली लुगड्याचा आडोसा केला आणि तिथेच मुलगा झाला. रजिस्टरात चुलत्याची तारीख : १ जून १९७२. म्हणजे तळ्याच्या कामाला कुदळ लागायच्या आधीच.

"मंग कागद खोटं बोलतो व्हय बाई?"

मी म्हटलं, कागदही माणसानंच लिहिलेला असतो. तो कुणी, कधी, कशासाठी लिहिला हे आपण विचारायचं, जसं आजीला विचारलं तसंच. तारीख आजीला आकड्यात सांगता येत नव्हती, पण शिमगा तिला पक्का आठवत होता. या एका गोष्टीवर मुलं दोन दिवस बोलत होती. चुलता घरी गेल्यावर पुतण्यानं त्याला सांगितलं की तू जूनचा नाहीस, तू होळीचा आहेस. त्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी त्या घरी पहिल्यांदा त्याला ओवाळलं, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला.

एक गोष्ट लिहू की नको असं मला बरेच दिवस वाटत होतं. एका मुलाच्या आजीनं, घरी, आपल्या नातवासमोर सहज सांगितलं होतं की कामावर पाण्याच्या घागरी दोन ठिकाणी असायच्या. एक मोठ्या बाभळीखाली आणि एक लांब, बांधाच्या टोकाला, त्यांच्या वस्तीच्या बायांसाठी. नातवानं ते जसंच्या तसं वहीत लिहून आणलं आणि वर्गात वाचलं. एका मुलानं विचारलं, "लांब का?" वाचणाऱ्याला उत्तर माहीत होतं. विचारणाऱ्याला खरोखरच नव्हतं.

मी त्या वेळी तास थांबवला आणि संध्याकाळी एकटी त्या आजींकडे गेले. म्हटलं, आजी, मुलांनी सगळ्या गावासमोर मांडायचं ठरवलंय. हे तुमच्या घरचं आहे. तुम्ही म्हणाल तर ठेवू, नाही तर काढू. त्या बराच वेळ चुलीत काटक्या सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठिवा की. पाणी येगळं हुतं. पर म्या फोडलेली खडी काय येगळ्या बांधाला पडली?"

हे वाक्य मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. गावातल्या एकदोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, जुनं कशाला उकरता, मुलांच्या डोक्यात काय भरवता. मी त्यांना शांतपणे एवढंच म्हटलं की मुलांनी ते पुस्तकातून आणलेलं नाही, आपल्याच गावातल्या घरातून आणलंय. वरच्या कार्यालयातून आलेल्या एका साहेबांनी वह्या चाळून हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे मुलांना काय यायला हवं त्या ठरलेल्या यादीत, बसतं असं विचारलं. मी सहा निष्पत्ती लिहून दिल्या. बसवायला अडचण नव्हती, मोजमाप, भागाकार, मुलाखत, पत्रलेखन, नकाशा, सगळंच त्यात होतं. पण त्या बोटाचं चित्र कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सुचलं नाही. ते मी तसंच वहीत ठेवलं.

मांडणी करायची ठरली तेव्हा मुलांनी सुचवलं की बांधावर राबलेल्यांची यादी करायची. सोपं वाटलं होतं. पहिल्या फेरीत पुरुषांची नावं पूर्ण आली, बापाच्या नावासकट. बायांची आली ती अशी : पाटलाची थोरली सून, अमक्याची आई, खालच्या आळीची म्हातारी, मुकादमाची बहीण. मी ती यादी फळ्यावर तशीच लिहिली आणि काही बोलले नाही. थोड्या वेळानं एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यात आज्जीचं नावच न्हाय. हितं आज्जी म्हंजे आप्पाची आई."

पुढचे तीन आठवडे पोरांनी गाव पिंजून काढलं. जिवंत असलेल्या बायांची नावं मिळाली, ती सांगताना काही जणी लाजल्या. कित्येक वर्षांत कुणी नावानं हाक मारली नव्हती. ज्या गेल्या त्यांची नावं माहेरच्या गावाला फोन करून काढली. दोघींची दोन-दोन नावं निघाली, एक माहेरचं आणि एक लग्नात बदललेलं. कुठलं लिहायचं? मुलांनी ठरवलं, दोन्ही. सरकारी मस्टर, म्हणजे कामावरच्या मजुरांचं हजेरीपत्रक, शोधायचाही प्रयत्न केला, तलाठ्यांना पत्र मुलांनीच लिहिलं, पण पन्नास वर्षांपूर्वीचं मस्टर काही हाती लागलं नाही. तेव्हा ही यादी हाच आता कागद.

मार्चमध्ये शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर ड्रॉइंग पेपर जोडून ती लावली. ६३ नावं, त्यांतली ४१ बायांची. शेजारी बांधाचा नकाशा, ब्रासचा हिशोब, बोटाचं चित्र आणि खडीचं ते वाक्य. उद्घाटन वगैरे काही केलं नाही. गाव येता-जाता थांबून वाचत होतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी वाडीवरच्या एक आजी पिशवी घेऊन शाळेत आल्या. वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, माझं नाव कुठं हाय ते दाव. तिसरीतल्या मुलानं त्यांचं बोट धरून नावावर नेऊन ठेवलं. त्यांनी ते अक्षर-अक्षर चाचपल्यासारखं केलं, कागद हलला. मग विचारलं, "माझी जाऊ? ती माझ्यासंगच हुती. ती ऱ्हायली व्हय?"

मुलानं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, माहेरचंही सांगितलं. तो आत जाऊन स्केचपेन घेऊन आला, पायाखाली बाक ओढला आणि ६४ आकडा घालून लिहायला लागला. आजी पिशवी खाली ठेवून, तो लिहून होईपर्यंत उन्हात उभ्या होत्या.